पळून आलो आणि एचआरव्ही पडला! व्यायाम आणि एचआरव्हीबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमच्या टेकडीच्या ग्रुपमध्ये घड्याळं बदलली आणि गप्पाही बदलल्या. आधी लोक विचारायचे आज किती किलोमीटर, आता पायऱ्या उतरता उतरता विचारतात एचआरव्ही किती, आणि ज्याचा कमी असेल त्याचं तोंड चहा येईपर्यंत पडलेलं असतं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून टाकतोय. मी डॉक्टर नाही, पन्नाशीला टेकलेला हौशी पळणारा आहे, चारेक वर्षं रोज सकाळी मोजतोय आणि त्या निमित्ताने बरंच वाचलंय, एवढंच.

एचआरव्ही म्हणजे हार्ट रेटच ना?

नाही. हार्ट रेट म्हणजे मिनिटाला ठोके किती पडले. एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी) म्हणजे एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंतचा वेळ दर वेळी किती कमी-जास्त होतो ते. मिनिटाला ६० ठोके म्हणजे बरोब्बर सेकंदाला एक असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं, एक ठोका ९४० मिलिसेकंदांनी येतो, पुढचा १०६० नी, त्याच्या पुढचा ९८५ नी. हृदय म्हणजे भिंतीवरचं घड्याळ नाही, भजनातला पखवाजवाला आहे, ठेका धरून ठेवतो पण गाणाऱ्याचा दम बघून किंचित मागेपुढे होतो.

खोटं वाटत असेल तर आत्ता मनगटावर बोटं ठेवा आणि सावकाश खोल श्वास घ्या. आत घेताना नाडी जरा पळते, सोडताना रेंगाळते. तरुण पोरांमध्ये हे चांगलंच जाणवतं, वय वाढेल तसं कमी होतं. शोध काही नवा नाही, स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने १७३३ मध्ये घोड्याची नाडी आणि श्वास यांचा असा संबंध लिहून ठेवलाय, आणि १८४७ मध्ये कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने तो यंत्रावर रेघा काढून दाखवला. घड्याळाच्या कंपन्या फार नंतर आल्या.

ठोके असे मागेपुढे होणं वाईट नाही का? नियमित असायला हवेत ना?

उलट. हृदयात ठोका सुरू करणारी जी गाठ आहे तिला मोकळं सोडलं तर ती मिनिटाला साधारण १०० च्या आसपास ठोके देते. बसल्या जागी आपले ६०-७० च का पडतात, तर मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस तिचा लगाम ओढून धरते म्हणून. हृदय प्रत्यारोपण झालेल्या माणसात या नसा कापलेल्या असतात, त्यामुळे त्याची बसल्या जागीसुद्धा नाडी ९०-१०० असते आणि एचआरव्ही जवळपास नसतोच, ठोके अगदी मोजून मापून पडतात. मला तर हे वाचल्यावरच सगळा विषय कळला.

व्हेगसची गंमत अशी की तिचा हुकूम पुढच्या ठोक्यालाच लागू होतो. दुसरी बाजू, म्हणजे धावपळ-भांडण-भीती यांची सिम्पथेटिक यंत्रणा, तिला परिणाम दाखवायला काही सेकंद लागतात. म्हणून ठोक्या-ठोक्यातला जो बारीक फरक असतो तो मुख्यतः व्हेगसचा. घड्याळात आणि ॲपमध्ये आरएमएसएसडी नावाचा जो आकडा दिसतो ना, तो याच लगामाचं माप समजा.

पळताना एचआरव्ही एकदम तळाला जातो, काही गडबड आहे का?

काही नाही. व्यायाम सुरू केला की शरीर आधी लगाम सैल सोडतं. आमच्याकडे पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत, त्यातल्या पहिल्या पंचवीस-तीस पायऱ्यांतच माझी नाडी ८० वरून १०५ ला जाते, हे मुख्यतः व्हेगसने हात सोडल्यामुळे. तिथून पुढे १३०, १५०, १६५ करायला ॲड्रेनालिनवाली यंत्रणा लागते. जोरात पळताना आरएमएसएसडी जेमतेम काही मिलिसेकंद उरतो आणि तसाच उरायला हवा. पळतानाचा आकडा बघूच नका, त्याचा आपल्याला उपयोग शून्य.

व्यायामानं एचआरव्ही वाढतो म्हणतात, मग पळून आल्यावर दुसऱ्या दिवशी पडला कसा?

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. उत्तर असं की दोन्ही खरं आहे, एक कालच्या व्यायामाबद्दल आहे आणि एक गेल्या तीन महिन्यांच्या व्यायामाबद्दल.

कालचा व्यायाम म्हणजे शरीराला बसलेला ताण. पळणं थांबलं तरी रक्तातलं ॲड्रेनालिन लगेच जात नाही, अंग तापलेलं असतं, घामाने पाणी गेलेलं असतं त्यामुळे शिरांमधलं रक्ताचं प्रमाण थोडं कमी होतं, बीपी सांभाळायला शरीराला जरा जास्त मेहनत पडते, स्नायूंची डागडुजी चालू असते. एवढं सगळं चालू असताना व्हेगस काही लगेच लगाम हातात घेत नाही. किती वेळ घेते ते तुम्ही किती जोरात पळलात त्यावर. आरामात पळालात तर एका दिवसाच्या आत आकडा जागेवर येतो, दमछाक होईल असा टेम्पो रन असेल तर एक ते दोन दिवस, आणि जीव काढून इंटरव्हल (मध्ये दम घेत घेत सुसाट पळणं) मारले असतील तर दोन दिवस किंवा जास्त. यावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१३ मध्ये आला होता, त्यात साधारण हाच हिशोब आहे. किती वेळ पळालो यापेक्षा किती जोरात पळालो याचा परिणाम मोठा, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

माझंच सांगतो. माझा सकाळचा आकडा एरवी ३८ ते ४४ मध्ये असतो. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट पळून आलो, रेसच होती, चढावर कुणीतरी पुढे जातंय म्हटल्यावर आपल्यालाही राहवत नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा २४. तिसऱ्या दिवशी २९. चौथ्या दिवशी ४१ आणि पाचव्या दिवशी ४६. तो ४६ बघून मी खूश झालो पण त्यालाही कारण आहे, मोठ्या व्यायामानंतर दोन-तीन दिवसांत शरीर रक्तातलं पाणी वाढवून ठेवतं, त्यामुळे आकडा कधीकधी नेहमीच्या वर जातो. त्याच घाटात पुढच्या महिन्यात बायकोबरोबर चालत-पळत गेलो, तेवढंच अंतर, दुसऱ्या दिवशी आकडा ४०. घाट तोच, माणूस तोच.

म्हणजे आकडा पडला हे महत्त्वाचं नाही, पडायलाच हवा. परत वर यायला किती दिवस लागले ते बघा.

मग कायमचा वाढायला किती दिवस लागतात?

आधी काहीच करत नसाल तर दोन-तीन महिने नियमित चाललं-पळलं की फरक दिसायला लागतो, आणि रेस्टिंग पल्स उतरलेली बहुतेकदा त्याच्याही आधी दिसते. आधीपासून फिट असाल तर फार वाढणार नाही, घसरण थोपवली तरी पुष्कळ, कारण वयाबरोबर तो खाली जातच असतो. दुप्पट होईल वगैरे अपेक्षा ठेवू नका. आणि बंद केलंत की काही आठवड्यांत कमावलेलं जायला लागतं.

किती करायचं, तर जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तेवढा केलात तरी आमच्या ग्रुपातल्या निम्म्या लोकांच्या पुढे जाल, ते चहालाच येतात.

कुठला व्यायाम सगळ्यात चांगला? जिम का पळणं का सायकल?

एचआरव्हीसाठी सगळ्यात जास्त पुरावा दमसासाच्या व्यायामाचा आहे, म्हणजे भरभर चालणं, पळणं, सायकल, पोहणं. जिमचं वजन उचलणं इतर शंभर कारणांसाठी करा, हाडांसाठी करा, गुडघ्यांसाठी करा, पण धडधाकट माणसाचा एचआरव्ही त्याने फारसा वाढल्याचं दिसत नाही. आणि पायांचा जोरदार सेट मारला की दुसऱ्या दिवशी आकडा पडू शकतो, घाबरू नका.

पण खरा प्रश्न व्यायाम कुठला हा नाहीच, किती जोरात हा आहे. आपल्याकडे लोक इझी रन इझी पळतच नाहीत. स्टीफन सायलर म्हणून नॉर्वेत काम करणारे एक संशोधक आहेत, त्यांच्या २००७ च्या अभ्यासात असं दिसलं की चांगले तयारीचे खेळाडू बोलता येईल अशा वेगाने तास-दोन तास पळाले तरी व्हेगस पाच-दहा मिनिटांत परत जागेवर, पण त्या वेगाची मर्यादा ओलांडली की मग ती सावरायला बराच जास्त वेळ घेते. मर्यादा जवळजवळ उंबरठ्यासारखी आहे, अलीकडे स्वस्त, पलीकडे महाग.

उंबरठा ओळखायचा कसा, तर बोलून बघा. सलग दोन वाक्यं धाप न लागता बोलता आली तर अलीकडे आहात. मला नेहमी वारी आठवते. आळंदीहून पंढरपूरला माऊलींच्या पालखीबरोबर लोक अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालतात, जवळजवळ तीन आठवडे, त्यात साठी-सत्तरीतली माणसं, आणि चालता चालता अभंग म्हणतात. गाता येतंय म्हणजे वेग उंबरठ्याच्या आतच आहे. गायचं म्हणजे श्वास लांब सोडावा लागतो तो वेगळाच फायदा. दिवे घाटात मात्र गाणं तुटतं बरं का, तिथे भल्याभल्यांचा उंबरठा ओलांडला जातो.

माझा २८ आहे आणि मित्राचा ७५, माझं हृदय कमजोर आहे का?

नाही हो. उंचीसारखं आहे हे, बरंचसं जन्मजात, थोडं वयाचं, थोडं सवयीचं. माझी बायको आठवड्यातून दोनदा फिरायला येते, मी पाच दिवस पळतो, तिचा ५५ असतो आणि माझा ४०, आणि ती हे पाहुण्यांना सांगते.

शिवाय तुम्ही दोघं एकच गोष्ट तरी मोजताय का ते आधी बघा. ॲपलचं घड्याळ एसडीएनएन (ठोक्यांमधल्या वेळांचा एकूण चढउतार) दाखवतं, गार्मिन, औरा, व्हूप हे आरएमएसएसडी दाखवतात. दोन वेगळी मापं आहेत, एकाने कंबर सांगायची आणि दुसऱ्याने वजन असा प्रकार. स्वतःच्याच मागच्या दीड-दोन महिन्यांशी तुलना करा, शेजाऱ्याशी नको.

मोजायचा कधी?

सकाळी उठून, बाथरूमला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, मोबाईलवर ऑफिसचे मेसेज बघायच्या आधी. झोपून मोजायचा तर रोज झोपून, बसून तर रोज बसून, कारण नुसतं उठून उभं राहिलं तरी आकडा बदलतो. दोन-तीन मिनिटं शांत पडून राहा, श्वास मुद्दाम लांबवू नका.

छातीचा पट्टा सगळ्यात अचूक, तो ठोक्याचा विजेचा सिग्नल पकडतो. पट्ट्याची आतली बाजू पाण्याने ओली करा, कोरडा लावलात तर वाट्टेल ते आकडे येतात, थंडीत तर हमखास. मनगटावरचं घड्याळ हिरव्या लाइटने रक्ताची लाट बघतं, हात हलला की चुकतं, पण रात्री झोपेत चांगलं चालतं. रात्रभर घड्याळ घालून झोपत असाल तर रात्रीचाच सरासरी आकडा धरा आणि सकाळची कटकट सोडून द्या. काही घेतलंत तरी एका दिवसाचा आकडा बघू नका, सात दिवसांची सरासरी बघा.

आकडा पडलाय, आज पळू का नको?

एक दिवस पडला असेल आणि अंगात बरं वाटत असेल तर पळा, पण सावकाश. सलग दोन-तीन दिवस पडलेला, त्यात सकाळची नाडी नेहमीपेक्षा पाच-सात ठोके जास्त, झोप मोडलेली, चिडचिड, असं सगळं एकत्र आलं तर घरी थांबा.

हे मी शहाणपणाने नाही, मार खाऊन शिकलो. रेसला तीन आठवडे होते, आकडा ४० वरून ३३, मग २७, मग २२. सकाळची नाडी ५४ ची ६३. मी म्हटलं पट्टा खराब झाला असेल, पट्टा बदलला, बॅटरी बदलली, सगळं बदललं पण लाँग रन काही बदलला नाही. पंचवीस किलोमीटर ठरलेले होते ते केले, शेवटचे सहा अक्षरशः ओढत आणले, आणि संध्याकाळी ताप १०२. आठ दिवस अंथरुणात. रेस गेली, भरलेली फी गेली, टी-शर्ट तेवढा घरी आला, तो अजून घातलेला नाही. अंगात काहीतरी येतंय हे आकडा चार दिवस ओरडून सांगत होता.

फिनलंडमधल्या औलू शहरात २००७ मध्ये यावरच एक छोटा अभ्यास झाला होता. एका गटाला ठरलेलं वेळापत्रक, दुसऱ्या गटाला सकाळी एचआरव्ही ठीक असेल तरच जोरदार पळणं, नाहीतर हलकं किंवा सुट्टी. आकडा बघून पळणाऱ्यांची प्रगती जास्त झाली. माणसं थोडी होती त्यामुळे त्यावर फार इमले बांधू नयेत, पण मुद्दा पटण्यासारखा आहे.

अचानक खूप वाढला, मस्त ना?

दर वेळी नाही. कधी मोजताना हललात म्हणून वाढतो, कधी मध्येच एखादा जादा ठोका पडतो आणि गणित बिघडतं. हृदयाचा ताल खरंच बिघडला असेल, ज्याला डॉक्टर एएफ म्हणतात, तर ठोके कसेही पडतात आणि घड्याळ बिचारं एचआरव्ही जोरदार म्हणून हिरवं निशाण दाखवतं. नाडी हाताला वेडीवाकडी लागत असेल, छातीत फडफड, चक्कर असं असेल तर ॲप बंद करा आणि ईसीजी काढून घ्या, त्याच दिवशी. शिवाय महिनोन्महिने जादा ट्रेनिंग करून पार थकलेल्या काही खेळाडूंचाही आकडा वर जातो, पाय मात्र शिशाचे.

दारू, जागरण, उपास वगैरे?

दारूने पडतो, दोन पेगनेही पडतो, रात्रभर पडलेला राहतो, आणि हे मी जितक्या जणांना दाखवलं तितक्या जणांनी घड्याळालाच नावं ठेवली. लग्नातली रात्री अकराची पंगत, जागरण, मे महिन्यातलं ऊन, पाणी कमी पिणं, सर्दी येण्याआधीचा दिवस, सगळ्यांनी पडतो. बायकांमध्ये पाळीच्या आधीच्या दिवसांत जरा खालीच असतो आणि पाळी आल्यावर वर येतो, म्हणून महिन्याची तुलना महिन्याशी करावी. म्हणजे पडला की लगेच व्यायामाला दोष देऊ नका, काल रात्री काय केलंत ते आठवा.

प्राणायाम केला की आकडा लगेच वाढतो, ही चीटिंग आहे का?

मोजताना केलात तर हो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की ठोक्यांचं मागेपुढे होणं सगळ्यात मोठं दिसतं, कारण बीपी सांभाळणारी यंत्रणाही साधारण दहा सेकंदांच्याच चालीने हलते, दोघांचा झोका जुळतो. २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी लोकांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ओम मणि पद्मे हुम म्हणायला लावलं, दोन्हीत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला. आपल्या आज्यांना हे कुणी मोजून दाखवलं नव्हतं. तर प्राणायाम जरूर करा, फक्त आकडा घेऊन झाल्यावर करा, नाहीतर रोजचा हिशोब चुकतो.

शुगर आहे / बीपीची गोळी चालू आहे / ॲटॅक येऊन गेलाय. मी हे बघू का?

बघा, पण डॉक्टरांना सांगून, आणि व्यायाम किती करायचा हे घड्याळाला विचारून ठरवू नका.

बीटा ब्लॉकर असेल, मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल वगैरे, तर नाडी फारशी वर जात नाही आणि एचआरव्हीही बदलतो, त्यामुळे गोळी सुरू व्हायच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका वहीत ठेवू नका. जुन्या डायबेटिसमध्ये या नसांनाच इजा होते. त्याची टेस्ट अगदी साधी आहे, मिनिटाला सहा खोल श्वास घ्यायचे आणि नाडी जास्तीत जास्त किती गेली आणि कमीत कमी किती आली ते बघायचं, फरक १५ किंवा जास्त असेल तर ठीक, १० च्या खाली असेल तर डॉक्टर पुढचं बघतात. व्यायामाने धाप लागते पण नाडी वाढतच नाही, उठून उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी, असं होत असेल तर विचाराच.

ॲटॅकनंतर एचआरव्ही कमी असणं धोक्याचं, हे १९८७ पासून माहिती आहे. अमेरिकेत ८०८ रुग्णांना चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधायचं सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र, लावून बघितलं होतं, ज्यांचा एसडीएनएन ५० च्या खाली होता त्यांच्यात मृत्यूचा धोका १०० च्या वरवाल्यांच्या तुलनेत पाच पट होता. पण ते ५० चोवीस तासांच्या होल्टरचे आहेत हो, तुमच्या घड्याळातले दोन मिनिटांचे ३५ नाहीत, हे दोन आकडे शेजारी ठेवून रात्रीची झोप घालवू नका. आमच्या ग्रुपातल्या एका काकांनी नेमकं हेच केलं होतं. ॲटॅकनंतर डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू व्यायाम सुरू करतात, रिहॅब म्हणतात त्याला, त्यात बऱ्याच जणांचा एचआरव्ही सुधारतो.

घड्याळ नाहीये, घ्यायचंही नाहीये. काही करता येईल?

येईल की. सकाळी उठल्या उठल्या मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजा आणि कॅलेंडरवर लिहा, दुधाचा हिशोब लिहितो तसा. महिनाभरात स्वतःचा नेहमीचा आकडा कळतो.

दुसरं म्हणजे दमल्यावर नाडी किती पटकन उतरते ते बघा, लगाम परत हातात घेणारी तीच व्हेगस. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला, त्यात ट्रेडमिल टेस्ट झालेल्या दोन हजारांवर लोकांची सहा वर्षं नोंद ठेवली होती, पहिल्या मिनिटात नाडी १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरणाऱ्यांचं पुढचं भविष्य बाकीच्यांपेक्षा वाईट निघालं. आपण पायऱ्यांवर डॉक्टरी करायची नाही, पण स्वतःचा महिन्या-महिन्याचा फरक बघायला हे मस्त आहे. पायऱ्या नेहमीच्या वेगाने चढा, वर पोहोचल्यावर १५ सेकंद मोजून चारने गुणा, एका मिनिटाने परत तसंच करा. माझी पहिल्या वर्षी १८ ने उतरायची, आता ३० च्या आसपास उतरते. फक्त पहिला आकडा वर पोहोचल्या पोहोचल्या घ्या, आधी खालच्या शहराचा फोटो काढत बसलात तर ते मिनिट तिथेच जातं.